हाताखालचा

ब्रश फिरला आणि तरणतलावाच्या भिंतीवरचा 'माझ्या' हा शब्द पांढऱ्या रंगाखाली गेला. पुढचं अजून शाबूत होतं : 'हाताखालचा एकही बुडालेला नाही.'

"अहो मास्तर, राहू द्या की ती ओळ," कमरेएवढ्या पाण्यात कठड्याला घोरपडीसारख्या चिकटलेल्या बाई म्हणाल्या. "तिच्याच भरवशावर मी पाण्यात उतरलेय."

"खोटी आहे ती," मास्तर स्टुलावरूनच म्हणाले.

गेल्या महिन्यात लढाईत जहाज बुडालं आणि मास्तरांचा मुलगा परत आला नाही. नीट चालायच्या आधी पोहायला लागलेला मुलगा. 'पट्टीचे पोहणारेच बुडतात,' असं भेटायला आलेलं कुणीतरी सहज बोलून गेलं. बोलणारा चहा पिऊन गेला, वाक्य मात्र घरातच राहिलं. मुलगा गेल्याचं दुःख होतंच; पण आपलं शिकवणं त्याला पुरलं नाही, या विचाराने मास्तरांना अन्न गोड लागत नव्हतं.

तेवढ्यात एक तरुण खलाशी आत आला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता.

"मास्तर, मी त्याच्याच जहाजावर होतो."

मास्तर खाली उतरले नाहीत. एवढंच विचारलं, "पोहला का रे तो?"

"पोहला म्हणजे? तिघांना ओढत तराफ्यावर आणलं. चौथ्यासाठी जहाजाकडे वळला आणि दारूगोळ्याने पेट घेतला. स्फोटात गेला तो, बुडून नाही." खलाशाने गळ्यातल्या हाताकडे बोट केलं. "त्या तिघांतला पहिला मी. हात मोडलेला, नुसत्या गटांगळ्या खात होतो. हा आपला कानाशी ओरडतोय, 'उताणा पड लेका, हनुवटी वर, बाकीचं पाण्यावर सोड!'"

ब्रशवरून रंगाचा थेंब फरशीवर पडला. ते शब्द मास्तरांचेच होते, याच काठावरून रोज ओरडलेले.

"म्हणजे मीही तुमच्याच हाताखालचा झालो की नाही?" खलाशी म्हणाला.

मास्तरांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. मग खाली उतरून खांद्यावरचा टॉवेल तलावात बुचकळला, पुन्हा स्टुलावर चढले आणि भिंतीवरचा ओला रंग पुसू लागले. 'माझ्या' फिकट झाला होता, पण वाचता येत होता.

"बाई," भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "कठडा सोडा. हनुवटी वर."

बाईंनी कठडा सोडला.