बारीक टायर

घर्र करून फ्रिज सुरू झाला. लाईट आली होती. समुद्रापलीकडच्या पोर्तो रिकोहून भावाचा फोन येऊन गेल्यापासून मुका झालेला एर्सिलिओ एकदम बायकोला म्हणाला, "चल युदेल्का, गाडीचे टायर बदलून टाकू."

टायर पार गुळगुळीत झाले होते. डोंगरापलीकडच्या इस्पितळात जाताना ऐन उतारावर पुढचा फुटला, तेव्हा मागच्या सीटवर त्यांच्या लेकीचा, यानेलिसचा, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दम्याचा पुढचा झटका काही टायरांसाठी थांबणार नव्हता.

ग्वेलोच्या टायरच्या टपरीवर डोमिनोचा डाव रंगला होता. ग्वेलो उठून गाडीभोवती फिरला.

"तुझं माप राजधानीतून मागवावं लागेल. त्या पैशांत बकरा येईल, आणि वर गल्लीला जेवण!"

"मग एकशे पंच्याऐंशी-साठ लाव. रिम तीच. टायर जरा बारीक, पण बाजूनं उंच. घेर जवळपास सारखाच पडतो."

"रुंद टायरांवर जीव टाकणारा तू, आणि आता सायकलचे लावतोस?"

डोमिनोवाले खिदळले. एर्सिलिओही हसला. त्यानं खिशातून सुतळी काढली, आधी जुन्या टायरला गुंडाळली, मग नव्याला. फरक नावापुरताच निघाला. मग गुडघ्यावर बसून त्यानं टायरच्या अंगावरचा वजनाचा आकडा वाचला.

"सगळं घर भरलं तरी पेलेल. हे माप आणखी कुठं मिळतं?"

"कुठंही. कुठल्याही टपरीवर विचार."

"मग हेच."

युदेल्का बघत राहिली. गल्लीतले बाकीचे बाप्ये गाडीच्या चकाकीवर पैसे उधळायचे. हा मात्र स्वस्तातलं शोधतानाही पोरीचा जीव आधी तोलत होता.

ग्वेलोनं किंमत थोडी उतरवली, तर एर्सिलिओ म्हणाला, "ते राहू दे. त्याऐवजी ती ट्रकची जुनी ट्यूब दे. पोरीला समुद्रावर खेळायला."

शेवटचं चाक राहिलं, तेव्हा त्यानं पाना युदेल्काच्या हातात दिला.

"हे तू बसव."

"मी? लग्नाआधी चालवायचे, पण तू आजवर स्टिअरिंगला बोट लावू दिलंस का मला?"

"आज लाव. चालवत पण तूच ने."

"ताप आलाय का रे तुला?"

पान्यावर पाय देऊन तिनं नट आवळले. तोवर त्यानं सोबत आलेल्या यानेलिसला डिकीशी नेलं. "ही स्टेपनी. वाटेत चाक फुटलं ना, की हीच आपल्याला घरी पोचवते." पोरीनं स्टेपनीला हात लावून पाहिला, जणू झोपलेलं जनावरच.

डोंगराच्या वळणांवर युदेल्कानं स्टिअरिंग घट्ट धरलं, पण एर्सिलिओला ओढावं लागायचं तसं ते अडेना.

"हलकं झालंय की रे!"

"बारीक टायरचं तेच सुख. तुझ्या हाताला जमेल."

पूर्वी तिनं नुसती किल्ली हातात घेतली तरी तो ओरडायचा. आज इस्पितळाच्या दारापर्यंत जाऊन परत येईतो त्यानं एकदाही 'ब्रेक दाब' म्हटलं नाही. खिडकीबाहेर बघत बसला. तिला वाटलं, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

घरी आल्यावर तो अंगणात ट्यूब भरायला बसला. हवा भरली, बादलीत बुडवून बुडबुडे पाहिले, पुन्हा भरली. युदेल्का ओट्याशी हिरवी केळी सोलत गुणगुणत होती. यानेलिस येऊन तिच्या झग्याला बिलगली.

"आई, कुणाला सांगायचं नाही म्हणालेत बाबा."

"मला सांगितलं तर चालतं गं."

पोरीनं अंगणाकडं एकदा पाहिलं.

"बाबा होडीतनं काकाकडं जाणारेत ना, त्या होडीला स्टेपनी असते?"