दोन किलो वाळू

"आबा, अजून एक पिशवी राहिली," भिंगरी म्हणाली.

ती आपल्या गाडीत बसली होती आणि गाडी काट्यावर उभी होती. अंतिम फेरी. समोर उतार, उताराच्या तळाशी जुन्या टायरांची भिंत. या गाड्यांना इंजिन नसतं. वरून सोडायच्या आणि खाली पोचेपर्यंत सांभाळायच्या. गाडी आणि पोर मिळून एकशे दहा किलोंच्या वर जायचं नाही, कमी पडलं तर सीटमागे वाळूच्या दोन-दोन किलोंच्या पिशव्या ठेवायच्या. जड गाडी जोरात जाते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

काट्यावर तिचे आजोबा होते. उभं आयुष्य दुकानांचे तराजू दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी 'बरोबर' म्हटलं की कुणी वाकून काटा बघायला जात नसे.

"बरोबर आहे," आबा म्हणाले.

"नाहीये. गाडी सत्तर, मी हेल्मेटसकट चौतीस. सहा किलो हवेत. तुम्ही दोनच पिशव्या ठेवल्यात."

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चष्मा स्वच्छच होता.

"दर वर्षी?" तिने विचारलं.

"लोक काय म्हणतील गं? काट्यावर आजोबा आणि जिंकते नात!" आबांचा आवाज अगदी बारीक झाला. "मला ते नको होतं."

गेली तीन वर्षं भिंगरी दुसरी येत होती. मागच्या वर्षी तर वीतभराने हरली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. हे तिचं शेवटचं वर्ष. पुढच्या महिन्यात चौदावं लागलं की गाडी धाकट्या कुणाला तरी द्यायची. आता ही रडणार, असं आबांना वाटलं.

"म्हणजे दोन किलो कमी असून मी फक्त वीतभर मागे होते?" भिंगरीचे डोळे लकाकले. "आबा! ठेवा बरं तिसरी."

आबांनी तिसरी पिशवी ठेवली. काटा एकशे दहावर जाऊन उभा राहिला.

चाकांना तेल घालायचं काम बेकरीवाल्याकडे होतं. तो खाली बसल्या बसल्या खाकरला. "आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आबा. माझ्या पोराच्या चाकांना मी तेल जरा हात राखूनच घालतो."

"म्हणून तो पहिल्याच फेरीत बाहेर?"

"दर वर्षी," बेकरीवाला म्हणाला.

सुरुवातीच्या फेऱ्या वेळेवर ठरत, आणि वेळ घेत शाळेतल्या बाई. त्यांची मुलगीही मघाशीच हरली होती. बाईंनी गळ्यातल्या स्टॉपवॉचकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मग मात्र कुणालाच हसू आवरेना. तीन वर्षं कप कोण नेत होतं? औषधवाल्याचा मुलगा. आणि औषधवाला कधी दुकान सोडून मदतीला आला होता? कधीच नाही.

"तरीच!" बेकरीवाला डोळे पुसत म्हणाला.

यंदा मात्र औषधवाला आला होता. नवी कोरी टोपी घालून, काट्यावरून उतरलेल्या गाड्या सुरुवातीच्या फळीपर्यंत ढकलत नेण्याचं काम तो मन लावून करत होता. आत्ताही स्वतःच्या मुलाची गाडी फळीशी लावून तो घाम पुसत परत आला आणि भिंगरीची गाडी ढकलू लागला. हे एवढे का हसताहेत, ते त्याला कुणी सांगितलं नाही.

फळी पडली. दोन्ही गाड्या सुटल्या. नातीच्या फेरीच्या वेळी आबा नेहमी काट्याकडेच बघत बसत. यंदा ते उताराच्या कडेला जाऊन घसा बसेपर्यंत ओरडले. भिंगरी हातभर पुढे राहून जिंकली. आबांनी शेजारी उभ्या असलेल्या बाईंना मिठीच मारायची बाकी ठेवली.

कप हातात घेऊन भिंगरी वर आली, आणि तिच्या मागोमाग औषधवाला. त्याने टोपी काढली, सदऱ्याच्या आतून वाळूची एक पिशवी काढली आणि रिकाम्या काट्यावर ठेवली.

"माझ्या पोराच्या गाडीतली आहे," तो म्हणाला. "ढकलत नेताना काढून घेतली. पहिल्यांदाच मदतीला आलोय. म्हटलं, लोक काय म्हणतील."

मागून आलेला त्याचा मुलगा कानापर्यंत लाल झाला.

"नियमात बसतं," बेकरीवाला म्हणाला. "वर गेलं तर बाद. कमी चालतं. निकाल कायम."

बाईंनीही मान हलवली. सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. ती काट्यावरच्या पिशवीकडे बघत होती. मग तिने कपाकडे पाहिलं. कपावर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते.

"आबा, हे जरा धरा," ती म्हणाली आणि कप त्यांच्या हातात दिला. हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा ओढून घट्ट केला.

बाईंनी स्टॉपवॉच पुन्हा शून्यावर आणलं.

भिंगरीने औषधवाल्याच्या मुलाचा दंड धरला आणि त्याला उताराकडे ओढलं. "चल, आधी तुझी गाडी वर आणू. माझी आणताना मग तू हात लाव."