चार बोटं

“पूस तो फोटो!” क्रीडाशिक्षक माझ्यावर खेकसले. “याच शाळेत शिकलीस आणि आमच्याच अन्नात माती कालवतेस?”

फोटोत आमची चढाईपटू पकडीखाली आडवी पडली होती आणि तिचा हात मध्यरेषेपासून चार बोटं लांब होता. पंचांनी मात्र गुण दिला, आणि त्याच गुणावर आम्ही जिल्ह्याची कबड्डी जिंकलो. आता हरलेल्या शाळेच्या बाई पंचांना घेऊन माझ्याकडेच येत होत्या.

“दाखवलास, तर या मैदानात पुन्हा पाय ठेवायचा नाही!”

तेवढ्यात त्या चढाईपटूनेच माझ्या हातातून कॅमेरा घेऊन फोटो पाहिला.

“हात पोचला नव्हता, सर, मला माहितीये. पण मला धरायला सातच्या सात जणी लागल्या, ते बघू दे की सगळ्यांना!” म्हणत ती पंचांकडे निघाली.