पैलवानाचा खुराक

घरात एकच म्हैस, आणि तिचं सगळं दूध पैलवानाला. गोरक्ष तालमीतून आला की आई, गोजरबाई, दुधाचा तांब्या त्याच्या हातात द्यायची. धाकट्या राहीला कुणी विचारलंच, तर ती म्हणायची, "मला दूध आवडत न्हाई." मग तोही निवांत प्यायचा.

एकाहत्तर साली कोल्हारच्या यात्रेत, आखाड्यात गोरक्षचा खांदा निखळला. पुन्हा कुस्ती धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आल्यावर त्याने लंगोट खुंटीला अडकवला आणि तांब्या राहीपुढे ठेवला.

"राहे, आता मला खुराक कशाला? आजपासनं तू पी."

तिने एक घोट घेतला आणि अंगणात जाऊन ओकली.

"दादा, मला खरंच आवडत न्हाई रे," ती तोंड पुसत म्हणाली.

गोजरबाई चुलीपुढून उठली नाही.



गोरक्ष नवानवा तालमीत जायचा, तेव्हा बहिणीसाठी अर्धं दूध ठेवायचा. ते थांबावं म्हणून 'दूध आवडत न्हाई' हे वाक्य गोजरबाईनेच चार वर्षांच्या राहीकडून घोकून घेतलं होतं.