पांढऱ्या दोऱ्याची जुडी

आजोबांनी काड्यांच्या दोन जुड्या जमिनीवर ठेवल्या. एकीला लाल दोरा, एकीला पांढरा.

"लाल थोरल्या नातवाची. ग्युचोलची." मग त्यांनी पांढरी दासोमकडे सरकवली. "ही तुझी."

ग्युचोलचे वडील, म्हणजे काका, खूश झाले. ग्युचोलनं मोबाइलमधून मानही वर काढली नाही.

दासोम आतून पेटली. सकाळीच तिनं बघितलं होतं. आजोबा शिडी घेऊन डुकरांच्या शेडमागे गेले होते आणि काखेत काड्या मारून परत आले होते.

शेडमागे गाम या फळाचं एक भिकार झाड होतं. केशरी, गोल फळं. दिसायला अगदी अंगणातल्या झाडासारखी. कापलं की आत आठ बिया आणि पाणचट गर. अंगणातल्या झाडाच्या फळात बी नावालाही नसायची. सुकवलं की नुसता मध. पण बीच नाही तर पेरणार काय? त्याचा वंश चालवायचा तर काडी कापायची आणि रानटी खुंटावर कलम बांधायचं. आख्ख्या खोऱ्यात तसं दुसरं झाड नव्हतं. आणि सोमवारी रस्तारुंदीवाले ते तोडणार होते.

म्हणजे एक जुडी अंगणातली, एक डुकरांमागची. पोरीच्या वाट्याला कुठली, हे काय सांगायला हवं?

"खुंट मी वाढवले," ती म्हणाली. "कलमं मी बांधणार. आणि मान ह्याचा?"

"अगं, वाडवडिलांची पूजा तो करणार," काका म्हणाले. "तू काय, उद्या लग्न करून जाशील."

"त्याला कांदा सोलता येत नाही!"

"सोललेला मिळतो गं," ग्युचोल म्हणाला. "घरपोच."

काका हसले. आजोबांनी दासोमचं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट. "पांढरी तुझी. सांगतो तेवढं ऐक."

तिनं हात हिसडला.

दोन वर्षांपूर्वी तिनं शाळा सोडली तेव्हा काका म्हणाले होते, वाया गेली कार्टी. आजोबा म्हणाले होते, चाकू धर. पाचर कशी तासायची, सालीला साल कशी भिडवायची, पट्टी किती आवळायची, सगळं त्यांनीच शिकवलं. आणि वाटणीच्या वेळी हे!

काड्या वसंतापर्यंत वाळूत पुरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले तेव्हा ती गुपचूप मागे गेली, वाळू उकरली आणि दोरे बदलले. लालचा पांढरीला, पांढरीचा लालला. गाठही आजोबांसारखीच मारली. तीही त्यांनीच शिकवली होती.

सोमवारी झाड पडलं. त्यानंतर ती आजोबांशी बोललीच नाही.

"दासोम, इकडे ये. काका नाहीत घरात. एक सांगायचंय."

"सांगा तुमच्या थोरल्या नातवाला."

असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी हाक मारली तेव्हा तिनं दार आपटलं.

मार्चमध्ये आजोबांना झटका आला. वाचा गेली. दवाखान्यात ती उशाशी बसायची, तर ते चादरीचा सुटलेला पांढरा दोरा बोटाला गुंडाळायचे, तिच्यापुढे धरायचे, पुन्हा गुंडाळायचे. नर्स म्हणाली, भ्रम होतो असा. नवव्या दिवशी ते गेले.

एप्रिलमध्ये दासोमनं चोवीस कलमं बांधली. पांढऱ्या दोऱ्याच्या काड्या तिच्या जमिनीच्या तुकड्यात, लालच्या ग्युचोलच्या शेतात. त्याचीही तिनं नीटच बांधली. वाईट कलम बांधायला तिचा हातच तयार होईना. चोवीसच्या चोवीस फुटली.

पुढं चार वर्षं तिनं आपली बारा झाडं जपली. थंडीत खोडांना गवत गुंडाळलं, पावसात चर खणले, किडे हातानं वेचले. ग्युचोल शेताकडे फिरकलाही नाही. चौथ्या वसंतात त्याचा फोन आला.

"शेतात सोलर लावतोय. ती बारा झाडं आडवी येतात. आजोबांची आठवण म्हणून एखादं तरी ठेवू का? तू सांग, तुला कळतं."

दासोमला हसू आवरेना. "कशाला? तोड सगळी."

"नक्की?"

"मुळासकट काढ दादा. जाळ चांगला होईल."

त्यानं तसंच केलं. धूर तिच्या तुकड्यावरून गेला तेव्हा ती बांधावर बसून रामेन खात होती.

त्याच वर्षी तिच्या झाडांना पहिली फळं धरली. पहिलं फळ आधी वाडवडिलांना, मग आपल्या तोंडात, अशी घरची रीत. तिनं एक चाखूनही बघितलं नाही. चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात थडग्यांवर पूजा होती. तिनं सगळ्यांत मोठी, पिकून मऊ झालेली नऊ फळं निवडली आणि टोपली डोक्यावर घेऊन टेकडी चढली. खाली ग्युचोलच्या शेतात काळी पॅनेलं चकाकत होती.

आजोबांच्या थडग्यापुढं फळं मांडली. ग्युचोलनं मद्य ओतलं. सगळ्यांनी माथा टेकला.

"आज अंगणातल्या झाडाची चव लागणार," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "पोरी, तुझ्यामुळे राहिलं गं ते झाड. मी तुला वाया गेली म्हणायचो."

"माझं तर चुलीत गेलं," ग्युचोल म्हणाला.

"तुझं जाऊ दे," दासोम म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदाच ती थडग्याकडे सरळ बघत होती. "बघा आजोबा, कुणी वंश चालवला तुमच्या झाडाचा."

तिनं मधलं फळ उचललं आणि काकांसाठी चिरायला घेतलं.

सुरी अर्ध्यावर अडली. तिनं जोर दिला. फळ उघडलं आणि ताटात एकेक करत आठ बिया घरंगळल्या.