तीन पावलांवर

शिवण पुन्हा सरळ आली. अल्लालने इकडेतिकडे पाहिलं आणि ती गुपचूप उसवली.

वाकडं शिवणं वाटतं तितकं सोपं नाही. मोरोक्कोतल्या सले शहरात एकेचाळीस वर्षं ज्याने जेलाबे, म्हणजे तिथले लांब झगे, शिवले, त्याला तर ते फारच जड जातं. म्हणून अल्लाल घरी सराव करायचा. सोमवारी दुपारी चष्मा काढून ठेवायचा, सुई डाव्या हातात धरायची आणि तासभर वेडेवाकडे टाके घालत बसायचं. मंगळवारी वर्गात कुणी "अजून जमत नाही का हो, बा अल्लाल?" म्हणालं, की केलेल्या कष्टांचं चीज व्हायचं.

वर्ग एका संस्थेचा होता. टाकून दिलेल्या कपड्यांना तिथे नवा जन्म मिळे. दान म्हणून समुद्रापलीकडून आलेली जीनची पँट इथे फाडून, शिवून, चौकटीत बसवली जाई आणि कलाकृती म्हणून पुन्हा समुद्रापलीकडे जाई. शाळेच्या मुली येत, जुने कपडे फेकू नयेत हे शिकत, आणि आपल्या कोऱ्या कपड्यांत त्या चौकटीपुढे फोटो काढून जात. मंगळवारी मोठ्या माणसांना टाके शिकवत, वर पुदिन्याचा चहा, सगळं फुकट. नियम एकच. ज्याची वीतभर शिवण सरळ आली, त्याला प्रमाणपत्र आणि निरोप. जागा बारा होत्या, बाहेर खोळंबलेले साठ.

अल्लालला प्रमाणपत्र नको होतं. त्याला मंगळवार हवा होता. बाकीचे सहा दिवस घरात तो आणि किटली, आणि दोघांत किटलीच जास्त बोलायची.

"तीनदा नापास," वर्गात शेजारी बसणारी लल्ला बतूल म्हणाली. "माझी शेळीसुद्धा एव्हाना रुमाल शिवायला लागली असती."

"घेऊन या तिला," अल्लाल म्हणाला. "तुमच्यापेक्षा कमी बोलेल."

दुकान त्याने बायको, तामो, गेल्यावर बंद केलं. जेलाब्याच्या छातीवरची गोफाची शिवण एकट्याची नसते. एकजण बसून सुई चालवतो. दुसरा तीन पावलांवर उभा राहून दोन्ही हातांच्या बोटांत धागे ताणून धरतो आणि दर टाक्याला त्यांची अदलाबदल करतो. तामोने एकतीस वर्षं धागे धरले, आणि एकतीस वर्षं ती बोलली. शेजारणीचं भांडण, टोमॅटोचा भाव, बहिणीचं लग्न, आणि मध्येच, "अहो, टाळूवरचे आणखी चार केस गेले बरं का. डाव्या अंगाचे." तो "हं" म्हणायचा. फारच झालं तर म्हणायचा, "एवढं काय बोलायचं असतं? धागा धर."

ती गेल्यावर त्याने धागे दाराच्या खिळ्याला बांधून पाहिले. खिळा बडबड करत नव्हता. पण अदलाबदलही करत नव्हता.

त्या मंगळवारी नदीपलीकडून, रबातहून, संस्थेला पैसे देणारे साहेब आले. त्यांच्या यादीत अल्लालच्या नावापुढे तीन लाल फुल्या होत्या.

"आज चौथ्यांदा नापास झाले तर नाव काढावं लागेल," ते शिक्षिकेला, सिहामला, म्हणाले. आपण हळू बोलतो असा त्यांचा समज होता. "या गृहस्थांत शिकण्याची कुवतच दिसत नाही."

सरळ शिवलं तर निरोप, वाकडं शिवलं तर हकालपट्टी. अल्लालने सुई उचलली. कुठे टोचावी, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळेना.

सिहामने त्याच्या हातातून सुई काढून घेतली.

"राहू द्या, बा. इकडे या." टेबलावर कुणीतरी टाकून दिलेला जेलाबा होता. छातीवरचा गोफ एका बाजूने सुटला होता. तिने धागे त्याच्या बोटांत अडकवले. "तुम्ही नुसतं धरा."

अल्लाल तीन पावलं मागे गेला. सिहाम खाली बसली आणि तिने पहिला टाका घातला. बदला, असं ती म्हणालीच नाही. धागे बदललेले होते. दुसरा टाका. तिसरा. लल्ला बतूल आपलं शिवण टाकून बघायला उठली.

"यांना हे येतं?" साहेबांनी विचारलं.

"शिवता येत नाही. धरता येतं," सिहाम मान वर न करता म्हणाली. "आणि धरणाऱ्याशिवाय ही शिवण होत नाही. त्यांना दर मंगळवारी यावं लागेल. लिहून घ्या."

फॉर्मवर तसा रकाना नव्हता. साहेबांनी पेनाने आखून घेतला आणि ते चहाकडे वळले.

"तुम्ही उसवलेली कापडं मी दर आठवड्याला बघते, बा," सिहाम हळूच म्हणाली. "टाके निघतात. भोकं राहतात. सगळी एका रेषेत."

अल्लालला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि लगेच इतकं हलकं वाटलं की तो बोलायलाच लागला. किटलीचं सांगितलं. खिळ्याचं सांगितलं. तामोच्या बहिणीच्या लग्नाच्या जेवणात बस्तेला कमी पडला होता, तेही.

"हं," सिहाम म्हणाली.

मग त्याने टोमॅटोचा भाव काढला.

"हं." सुई थांबली नाही. "एवढं काय बोलायचं असतं, बा? धागा धरा."

अल्लालने धागा ताणला. त्याने समोर पाहिलं. तिथून शिवणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. वाकलेलं डोकं तेवढं दिसत होतं, मधोमध भांग, भांगाच्या डाव्या अंगाला एक पांढरा केस.

तामोला त्याच्या टाळूवरचा केस न् केस कसा ठाऊक होता, ते त्याला आज कळलं.