मागं राह्यलास तर

बँडमास्तर बद्रीनाथनं वसंताचा पोलिओनं वाळलेला पाय बघितला. "काम देतो. पन वरातीत मागं राह्यलास तर तिथंच ढोल काढून घेईन. मंग सरळ तुझ्या गावची, परतूरची गाडी धर."

मस्तगड मोहल्ल्यातून वरात निघाली. पन्नास पावलांतच वसंताचा पाय फरपटू लागला. पुढची ओळ दोन हात लांब गेली, मग चार हात. बद्रीनाथ क्लॅरिनेट वाजवता वाजवता सारखा मागं वळून बघत होता. वसंता मान खाली घालून ढोल वाजवत राहिला.

मांडवाच्या दारात बद्रीनाथ वळला, तर वसंता ओळीला बराबर लागून उभा.

"जल्दी चालायला कवा शिकलास रे?"

"मी कुठं जल्दी चाललो, मास्तर," वसंता धापा टाकत म्हणाला. "ठेका हळू केला. तुमीच समदे माझ्या पायानं चाललात."